‘किम्बर्ली आहेत, काकू’ : महाराष्ट्रातल्या सराफांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या समस्त सराफ मंडळींना आणि हिऱ्याच्या पेढीवाल्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या लेकीच्या लग्नासाठी हिऱ्याच्या कुड्या घ्यायला एका पेढीवर गेले होते. पेढीचं नाव लिहीत नाही, कारण जे तिथे ऐकलं तेच पुढे आणखी दोन दुकानांत ऐकलं. काउंटरवरच्या मुलीनं निळ्या मखमलीवर सात-सात खड्यांच्या तीन जोड्या मांडल्या, भिंग कसं धरायचं ते दाखवलं, चहा मागवला. मी विचारलं, “हे हिरे कुठले गं?”

“सुरतचे.”

“पैलू सुरतेला पाडले असतील. खाणीतून कुठून निघाले?”

पोरगी जरा थबकली आणि मग शिकवून ठेवलेलं वाक्य तिच्या तोंडून आलं, “काळजी नको काकू, किम्बर्ली आहेत.”

“किम्बर्ली म्हणजे काय?”

“फॉरेनची कंपनी आहे. ती सर्टिफिकेट देते.”

मागे गादीवर बसलेल्या मालकांनी मान डोलावली. त्यांचाही समज तोच असावा, किंवा गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं की पुरे, असा हिशेब असावा. त्या मुलीला मी काही बोलले नाही, तिची काय चूक? हे पत्र तिच्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘जोड्या लावा’ या प्रश्नात जोहान्सबर्गपुढे सोनं आणि किम्बर्लीपुढे हिरे, एवढंच मीही मुलांकडून घोकून घेतलं. त्यापलीकडे एक वाक्य सांगितल्याचं आठवत नाही. म्हणजे त्या मुलीला कंपनी वाटली आणि मला नकाशावरचा ठिपका वाटला, फरक फार नाही. थोरला मुलगा नोकरीसाठी जोहान्सबर्गला गेला आणि तीन वर्षांपूर्वी त्यानं मला गाडीनं किम्बर्लीला नेलं, म्हणून आज हे लिहायचं धाडस करते आहे.

किम्बर्ली हे गाव आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केप प्रांताची राजधानी. सपाट, कोरडा, झुडपांचा मुलूख. आपल्या माणदेशी डोळ्यांना ओळखीचा वाटावा असा. आणि गावाच्या ऐन मधोमध एक खड्डा. कडेला लोखंडी सज्जा पुढे काढलेला आहे, त्यावर उभं राहून खाली पाहायचं. रुंदी ४६३ मीटर. तळाशी हिरवट पाणी, इतकं स्थिर की वरून उडणारे पक्षी त्यात दिसतात. मी सज्ज्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि मुलगा म्हणाला, “आई, इथे आधी टेकडी होती.”

ते ऐकून पोटात खड्डा पडला. टेकडी होती. माणसांनी ती हातांनी उपसली आणि उलटी करून जमिनीत घातली.

गोष्ट सुरू होते १८६७ च्या सुमाराला, तिथून दक्षिणेला होपटाऊनजवळ, ऑरेंज नदीच्या काठी. इरास्मस जेकब्स नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराला एक चकाकता खडा सापडला. घरातली पोरं त्यानं खेळायची, आपल्याकडे मुली सागरगोटे खेळतात ना, तसाच खेळ. शेजारच्या शाल्क फान निकेर्कनं तो पाहिला, चौकश्या केल्या, आणि तो २१.२५ कॅरटचा हिरा निघाला. आता पैलू पाडून १०.७३ कॅरटचा उरलेला तो ‘युरेका’ किम्बर्लीच्या संग्रहालयात काचेआड आहे. दोन वर्षांनी ग्रिक्वा जमातीच्या एका मेंढपाळाला ८३.५ कॅरटचा हिरा मिळाला. फान निकेर्कनं त्याला ५०० मेंढ्या, १० बैल आणि एक घोडा दिला आणि हिरा पुढे ११,२०० पौंडांना विकला. मेंढपाळाच्या दृष्टीनं तो सौदा वाईट नव्हता म्हणा. ५०० मेंढ्या म्हणजे त्या मुलखात तो रातोरात बडा असामी झाला. पण हा हिशेब लक्षात ठेवा. या गावाचा पुढचा सगळा हिशेब त्याच चालीनं गेला आहे.

मग द बेअर आडनावाच्या दोन भावांच्या शेतावर हिरे सापडले. त्यांनी १८७१ मध्ये शेत सहा हजारांवर काही पौंडांना विकलं आणि ते निघून गेले. पुढे जगातली सगळ्यात मोठी ठरलेल्या हिरे कंपनीला, डी बिअर्सला, आडनाव मिळालं ते या शेत विकून गेलेल्या भावांचं. त्याच वर्षी जुलैत फ्लीटवुड रॉस्टॉर्न याच्या टोळीतल्या डेमन नावाच्या स्वयंपाक्याला, दारू पिऊन दंगा केला म्हणून, शिक्षा म्हणून शेजारच्या टेकडीवर खणायला धाडलं होतं. तो हिरे घेऊनच परत आला. क्लेम, म्हणजे तो तुकडा खणायचा हक्क, मिळाला मालकाला. टेकडीवर माणसांची झुंबड उडाली. वस्तीचं पहिलं नाव होतंच ‘न्यू रश’. वसाहत खात्याचे मंत्री लॉर्ड किम्बर्ली यांना ते नाव थिल्लर वाटलं आणि शेताचं डच नाव, ‘फोरआउटझिख्त’, त्यांच्या जिभेवर काही बसेना, असं सांगतात. १८७३ मध्ये गावाला त्यांचंच नाव दिलं. म्हणजे तुमच्या काउंटरवर जे नाव रोज घेतलं जातं ते लंडनच्या एका उमरावाचं, आणि त्यानं काही ते गाव वसवलं नव्हतं.

जमीन खरं तर कोणाची होती? ग्रिक्वा प्रमुख निकोलास वॉटरबूर यांचा दावा होता, त्लापिंग लोकांचा होता, शेजारच्या दोन बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या, प्रजासत्ताकांचा होता. लवाद बसला, निकाल वॉटरबूर यांच्या बाजूनं गेला, आणि १८७१ च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांनी संरक्षणाच्या नावाखाली सगळा प्रदेशच आपल्या राज्यात घेतला. आपल्याकडची संस्थानं खालसा कशी झाली ते आठवा, वेगळं सांगायला नको.

टेकडीचे ३१ बाय ३१ फुटांचे तुकडे पाडले होते. त्याला क्लेम म्हणत. एकेका क्लेमचे पुढे अर्धे, पाव, आठवा हिस्सा असे भाग पडले, आपल्या शेतजमिनीसारखेच. प्रत्येक जण आपापल्या गतीनं खाली जायचा, त्यामुळे एकाचा तुकडा पन्नास फूट खोल तर शेजारच्याचा वीस. मधे सोडलेले गाडीरस्ते कोसळले. मग खड्ड्याच्या काठावर लाकडी मचाणं उभी करून प्रत्येक क्लेमपर्यंत दोर सोडले आणि चामड्याच्या बादल्यांतून माती वर ओढायला सुरुवात केली. त्या काळचे फोटो संग्रहालयात आहेत. कोळ्यानं आख्ख्या विहिरीवर जाळं विणावं तसे ते हजारो दोर दिसतात. वरची पिवळी माती संपून खाली कठीण निळी माती लागली तेव्हा हिरे संपले असं समजून कितीक जण क्लेम विकून गेले. आणि हिऱ्यांचं खरं घर तीच निळी माती होती. त्या दगडाला आज जगभर ‘किम्बरलाइट’ म्हणतात. आपल्या आंध्रातल्या वज्रकरूरलाही तो सापडतो.

ती निळी माती फोडायची पद्धत मला फार आवडली, शिक्षिकेच्या नजरेनं. मैलोन्‌मैल सपाट मैदानांवर ती वाळवणासारखी पसरून ठेवायचे. ऊन, पाऊस, थंडी खाऊन काही महिन्यांत ती आपोआप भुसभुशीत व्हायची. वरून पाणी मारायचं, कुळव फिरवायचा. मग धुवायची. १८९० च्या दशकाच्या अखेरीला तिथल्या माणसांच्या ध्यानात आलं की हिरा पाण्यानं भिजत नाही पण ग्रीसला चिकटतो. तेव्हापासून ग्रीस फासलेल्या उतरत्या टेबलांवरून खडी पाण्याबरोबर वाहू देत. गारगोट्या वाहून जायच्या, हिरा जागीच चिकटून राहायचा. इतकी साधी युक्ती.

तो खड्डा १४ ऑगस्ट १९१४ ला बंद झाला. २ कोटी २५ लाख टन माती उपसली आणि हिरे निघाले २,७२० किलो. बाजार समितीत कांदा घेऊन येणाऱ्या एका टेम्पोत मावतील एवढे. (हाताने खणलेला जगातला सगळ्यात मोठा खड्डा हाच की यागर्सफोंटेनचा, यावर तिकडे वाद आहे. मला त्यात रस नाही.)

हे सगळं तिथल्या माहितीपटात आहे आणि सहलीला गेलेली मंडळी हेच ऐकून, सज्ज्यावर फोटो काढून परत येतात. मला तुम्हाला सांगायचंय ते त्यानंतरचं.

सुरुवातीच्या वर्षांत काळ्या माणसांचेही क्लेम होते. दूरदूरचे लोक, पेडी, सोंगा, सोथो, शेकडो किलोमीटर चालत यायचे, काही महिने राबायचे, बंदूक घ्यायचे आणि गावी परत जायचे. ती बंदूक त्यांना जमीन राखायला हवी होती. म्हणजे मजूर स्वतःच्या अटीवर येत होता, स्वतःच्या अटीवर जात होता. गोऱ्या खाणवाल्यांना हेच खुपलं. १८७२ मध्ये दंगे झाले, काळ्यांना क्लेम देऊ नयेत अशी मागणी झाली, आणि त्याच वर्षीच्या फर्मानानं ‘नोकर’ ठरवलेल्या माणसाला पास बाळगणं सक्तीचं केलं. पास नसेल तर दंड, तुरुंग, फटके. वॉरंटशिवाय झडती. फर्मानात कातडीच्या रंगाचा उल्लेख नव्हता, म्हणून लंडनला ते सोज्ज्वळ वाटलं. प्रत्यक्षात पास कोणाकडे मागायचा हे शिपायाला बरोबर कळत होतं.

मग चोरीचा बागुलबुवा. मजूर हिरे चोरतात आणि शहरातले दलाल ते विकत घेतात, हा खाणवाल्यांचा कायमचा ओरडा. चोऱ्या होतही होत्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुठीत मावणाऱ्या खड्याला मजुराच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त किंमत असेल तर दुसरं काय होणार? १८८२ च्या हिरे व्यापार कायद्यानं शिक्षा कडक केल्या. १८८३ पासून पाळी संपवून वर येणाऱ्या मजुरांची नागडं करून झडती सुरू झाली. गोऱ्या कामगारांवरही ती आली तेव्हा त्यांनी संप केला, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि त्यांची झडती हळूहळू नावापुरती उरली. काळ्यांची राहिली.

आणि १८८५ मध्ये आलं ‘कम्पाउंड’. आपल्याकडे सोसायटीच्या भिंतीला आपण कम्पाउंड म्हणतो, म्हणून हा शब्द फसवा आहे. नीट कल्पना करा. उंच पत्र्यांची चौकोनी भिंत. आत भिंतीला लागून बराकी, एकेका खोलीत वीस-वीस जण. मधल्या उघड्या अंगणावर, माणसांच्या डोक्यांवर, तारेची जाळी. का, तर कोणी डब्यात हिरा घालून भिंतीपलीकडे फेकू नये म्हणून. कम्पाउंडातून थेट खाणीच्या तोंडापर्यंत बंदिस्त वाट, म्हणजे कामावर जाताना-येतानाही उघडं जग दिसायचं नाही. आत कंपनीचं दुकान, कंपनीचा दवाखाना, प्रार्थनेची सोय. करार असेल तितके महिने त्या चौकोनाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पगार मिळायचा आणि तिथेच, कंपनीच्याच दुकानात पीठ-साखरेवर संपायचा. गावातले दुकानदार तेव्हा चिडले होते, पण मजुरांसाठी चिडले असं समजू नका. त्यांचं गिऱ्हाईक तुटलं होतं.

करार संपला की सुटका? नाही. शेवटचे काही दिवस माणसाला एका खोलीत नागडं ठेवत. अंगावर एक घोंगडं. हातांना चामड्याचे जाड, बोटं नसलेले मोजे घालून ते कुलूपबंद करत, म्हणजे त्याला बोटांनी काही उचलता येऊ नये. जुलाबाचं औषध देत. आणि गिळलेला हिरा बाहेर पडतो का हे बघायला विष्ठा चाळत. सगळ्यांची, ज्याच्यावर संशय नाही त्याचीसुद्धा.

मी ते मोजे संग्रहालयात पाहिले तेव्हा, खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो आजीच्या कुड्यांचा. माझ्या आजीच्या कुड्या १९३० च्या आसपासच्या. त्यातले खडे किम्बर्लीचेच असतील असं छातीठोक सांगता येणार नाही. पण त्या काळी जगाचा हिऱ्यांचा बाजार याच डी बिअर्स कंपनीच्या मुठीत होता, तेव्हा नसतीलच असंही म्हणता येत नाही. हळदीकुंकवाला आजी त्या घालायची तेव्हा आम्ही पोरी तिच्या कानांकडे टक लावून बघायचो.

या कंपनीनं सगळं कसं गिळलं ते थोडक्यात सांगते, कारण धंद्यातले डावपेच तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजतात. इंग्लंडहून आलेला, प्रकृतीनं नाजूक सेसिल ऱ्होड्स एका बाजूला, लंडनच्या ईस्ट एंडमधून आलेला बार्नी बार्नाटो दुसऱ्या बाजूला. १८८८ मध्ये ऱ्होड्सच्या पुढाकारानं डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी ५३,३८,६५० पौंडांचा एक धनादेश देऊन प्रतिस्पर्धी किम्बर्ली सेंट्रल कंपनी विकत घेतली. त्या धनादेशाची तसबीर तिथे अभिमानानं लावलेली असते. त्याच १८८८ च्या जुलैत डी बिअर्स खाणीला आग लागून २०२ माणसं मेली. त्यातले १७८ काळे मजूर. मी तरी त्याची तसबीर कुठे पाहिली नाही.

गाव मात्र झगमगलं. १८८२ मध्येच रस्त्यावर विजेचे दिवे आले, दक्षिण गोलार्धात पहिल्यांदा. १८९९ च्या बोअर युद्धात गावाला १२४ दिवस वेढा पडला, तेव्हा बायकापोरांना तोफगोळ्यांपासून वाचवायला खाणीच्या बोगद्यांत उतरवलं. हे शौर्याचे किस्से तिथले वाटाडे रंगवून सांगतात, आणि सांगावेत. पण त्या वेढ्यात कम्पाउंडातल्या माणसांचं काय झालं, याचं उत्तर जमिनीनं एकशेतीन वर्षांनी दिलं. २००३ मध्ये नगरपालिकेची माणसं ग्लॅडस्टन दफनभूमीच्या कुंपणाबाहेर चर खणत होती आणि हाडं लागली. अभ्यासकांनी तिथून १०७ जणांचे सांगाडे काढले. १८९७ ते १९०० या काळात पुरलेले, बहुतेक तरुण मजूर, दगड नाही की नाव नाही. काहींच्या हाडांवर स्कर्व्हीच्या खुणा होत्या. ताजी भाजी, फळ न मिळाल्यानं होणारा रोग. जहाजांवर व्हायचा तो. जगातल्या सगळ्यात श्रीमंत खाणीच्या मजुरांना तो जमिनीवर झाला.

आणि हो, कम्पाउंड तिथेच थांबलं नाही. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींनी ते उचललं, पास उचलला, आणि पुढे १९४८ नंतर जे वर्णभेदी राज्य आलं त्याची किती तरी अवजारं किम्बर्लीच्या मैदानात आधीच घडवून ठेवलेली होती. त्याविरुद्ध उभा राहणारा एक माणूसही इथेच घडला: सोल प्लाकी. किम्बर्लीच्या टपाल खात्यात निरोप्या म्हणून लागलेला, पुढे पत्रकार, अर्धा डझनाहून जास्त भाषा बोलणारा, आणि १९१२ मध्ये जी संघटना पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली तिचा पहिला सरचिटणीस. आज तिथली नगरपालिका आणि विद्यापीठ त्याच्या नावाचं आहे. तो राहायचा त्या मले कॅम्प भागात भारतीय व्यापारीही होते. पुढे ती वस्तीच उठवली, मोजकी घरं उरली.

आता तुमच्या सर्टिफिकेटाकडे येते.

१९९० च्या दशकात सिएरा लिओनमधले बंडखोर हिरे विकून शस्त्रं घेत होते आणि लोकांचे हात तोडत होते. अंगोलातही तेच चालू होतं. जगभर ओरड झाली, आणि मे २००० मध्ये हिरे काढणाऱ्या आफ्रिकी देशांची बैठक बोलावली गेली ती किम्बर्लीत, धंद्याच्या जन्मगावी. म्हणून त्या व्यवस्थेचं नाव ‘किम्बर्ली प्रोसेस’. १ जानेवारी २००३ पासून ती लागू झाली. भारत पहिल्यापासून तिच्यात आहे आणि २००८ व २०१९ मध्ये तिचा अध्यक्षही होता. कच्च्या हिऱ्याचं पार्सल एका देशातून दुसऱ्या देशात जाताना त्याबरोबर सरकारी प्रमाणपत्र लागतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उतरणाऱ्या प्रत्येक रफच्या पार्सलाबरोबर ते असतं. हे तुमच्यातल्या जाणत्यांना पाठ असेल. मग त्यांना हेही ठाऊक आहे की ते प्रमाणपत्र फक्त कच्च्या मालाचं असतं, तेही आख्ख्या पार्सलाचं. पैलू पडले की त्याचा संबंध संपला. माझ्या समोरच्या सात-सात खड्यांना ‘किम्बर्ली’ असूच शकत नव्हतं. तयार हिऱ्यासाठी व्यापाऱ्यांनी आपापसात हमीची पद्धत ठेवली आहे, विकणारा आपल्या बिलावर तसं वाक्य लिहितो. पण ती त्याची स्वतःची जबान झाली, सरकारी मोहर नव्हे. आणि दागिन्याबरोबर जे प्लास्टिकचं कार्ड देता ते प्रयोगशाळेचं. वजन, रंग, स्वच्छता, कट. खाणीबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

हे एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, चूक कोणाचीही होते. मला झोंबलं ते वेगळं. किम्बर्ली प्रोसेसच्या लेखी ‘रक्तरंजित’ हिरा म्हणजे कायदेशीर सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांनी लढाईच्या खर्चासाठी वापरलेला कच्चा हिरा. संपली व्याख्या. सरकारनं किंवा कंपनीनं केलेला जुलूम तिच्यात बसत नाही. २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगेत सैन्यानं हिरे वेचणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, दोनशेहून जास्त माणसं गेल्याची नोंद मानवाधिकार संघटनांनी केली. आणि ते सैन्य सरकारचंच, म्हणून शब्दाच्या चौकटीत काही बसेना. काही काळ बंदी घातली, २०११ मध्ये निर्यात मोकळी केली. ही व्यवस्था उभी करायला झटलेली ‘ग्लोबल विटनेस’ संस्था त्याच वर्षी बाहेर पडली.

आता ती व्याख्या घेऊन १८९० च्या किम्बर्लीत चला. तारेची जाळी आहे, कुलूपबंद मोजे आहेत, विष्ठा चाळणं आहे, कुंपणाबाहेर निनावी पुरलेली पोरं आहेत. बंडखोर एकही नाही. कंपनी नोंदणीकृत, सरकार कायदेशीर, कायदे छापील. त्या खड्ड्यातला एकूण एक हिरा किम्बर्ली प्रोसेसमधून बिनबोभाट पास झाला असता. ज्या गावाचं नाव तुम्ही दिलाशासाठी घेता, त्या गावात जे घडलं ते त्या नावाच्या कागदाला दिसतच नाही.

हे मी तिथे असताना सुचलं नाही. तुमच्या त्या मुलीनं “काळजी नको काकू” म्हटलं तेव्हा सुचलं. तिचे आभार.

किम्बर्लीत आज मोठ्या भूमिगत खाणी जुन्या कंपनीनं केव्हाच सोडल्या आहेत. उरले आहेत मातीचे डोंगर. सज्ज्यावरून उतरून आम्ही गावाबाहेर गेलो तर त्या जुन्या ढिगाऱ्यांवर माणसं चाळण घेऊन बसलेली दिसली. तिकडे त्यांना ‘झामा झामा’ म्हणतात. झुलू भाषेत ‘करून बघू, पुन्हा करून बघू’. २०१८ मध्ये त्यांच्यातल्या सुमारे ८०० जणांना रीतसर परवाने मिळाले. एक बाई, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधून, चाळण अशी गोल फिरवत होती, की मला तांदूळ पाखडणारी आमची शेजारीण आठवली. तिनं माझ्या हातातल्या बांगड्यांकडे पाहून काहीतरी विचारलं. मुलानं सांगितलं, विचारतेय, सोनं खरं आहे का. मी मान हलवली. ती हसली आणि पुन्हा चाळायला लागली.

तेव्हा माझं मागणं छोटं आहे. पॉलिश्ड हिरा दाखवताना ‘किम्बर्ली आहे’ म्हणणं बंद करा. ते खरं नाही. तुमच्या पुरवठादारानं बिलावर हमीचं वाक्य दिलं असेल तर ते गिऱ्हाइकाला दाखवा, दिलं नसेल तर मागून घ्या. कुठल्या देशातला माल हे विचारलं आणि ठाऊक नसलं तर ‘ठाऊक नाही’ असं सरळ सांगा, त्यात पेढीची अब्रू जात नाही. आणि काउंटरवरच्या मुलामुलींना निदान एवढं सांगा की ते एका गावाचं नाव आहे. हवं असेल तर मी येऊन सांगते, तास-दीड तासाचं काम आहे, फी नको. नकाशा मी माझा आणेन.

कुड्या घेतल्या का, असं विचाराल. घेतल्या. लेकीला आवडल्या होत्या आणि मी काही संत नाही. पावती माझ्याकडे आहे. ‘हिरे, १४ नग’ असं लिहिलंय आणि त्याखाली दोन ओळींची जागा कोरी आहे. घडणीचा एक टाका सैल झालाय, तो घट्ट करायला येत्या आठवड्यात त्याच पेढीवर जाणार आहे. पावती सोबत नेते. पेन मालकांचं असेलच.

आपली,
एक गिऱ्हाईक
(निवृत्त भूगोल शिक्षिका)